वर दूध नासले, खाली बर्फ कायम
(घरातला फ्रिज : त्याची निगा आणि दुखणी)

हिंगोली जिल्ह्यातले वैशाखाचे ऊन कसे असते, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. पारा चाळीसच्या वर जातो. सकाळी तापवलेले दूध संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दुपारची भाजी रात्री आंबूस लागते. म्हणून आपल्या आयाबायांनी माठ ठेवला, शिंकाळे टांगले, ओल्या फडक्यात पालेभाजी गुंडाळली. ही सगळी शहाणपणाची कामे होती. आजही आहेत.

आता गावोगावी फ्रिज आले आहेत. कुणी हळदीच्या पैशातून घेतला. कुणी बचत गटाचे कर्ज काढून घेतला. कुणाच्या लेकीच्या लग्नात आला. वस्तू घरात आली, पण तिची रीत कुणी सांगितली नाही. आपण बैल आणतो, तेव्हा त्याची वैरण बघतो, पाणी बघतो, खूर बघतो. मग हजारो रुपयांचे यंत्र आणून त्याच्याकडे वर्षभर पाहायचेच नाही, हे कसे चालेल?

या धड्यात आपण अशा फ्रिजची माहिती घेऊ, ज्याचा बर्फाचा कप्पा खाली असतो. त्याला दोन दारे असतात. वरचे दार रोजच्या जिनसांचे. खालचे दार, किंवा खालचा मोठा खण, बर्फाचा. या खालच्या कप्प्याला फ्रीझर म्हणतात. या फ्रिजची एक खोड आहे. ती कळली नाही, तर माणूस फसतो. कसा फसतो, ते एका घरच्या गोष्टीवरून पाहू.

एका घरची गोष्ट

वसमत तालुक्यातले एक गाव. तिथे आमचा रात्रीचा वर्ग चालतो. वर्गाला येणारी एक सूनबाई एके दिवशी पाटी मिटून बसली. आम्ही विचारले, "काय झालं वैनी?"

ती म्हणाली, "बाई, दोन दिस झाले, दूध नासायलंय. फ्रिज तर चालू आहे. खाली बर्फ आहे, दगडासारखा! मग वरचं दूध कसं नासतंय?"

"फ्रिजमध्ये अजून काय काय आहे?"

"आत्याबाईचं इन्सुलिन आहे की. साखरेचं औषध."

हे ऐकून आम्ही चरकलो. दूध नासले तर वास येतो. इन्सुलिन बिघडले तर नेहमी दिसत नाही, वासही येत नाही. बाटली तशीच दिसते, पण औषधाचा गुण कमी झालेला असतो. म्हातारे माणूस रोज सुई टोचून घेते, आणि साखर मात्र वाढत जाते.

सूनबाई पुढे म्हणाली, "कारागीर येऊन गेला. म्हणला, कॉम्प्रेसर गेला. नऊ हजार लागतील. ह्यांनी हळदीवर उचल घ्यायचं ठरवलंय."

आम्ही म्हणालो, "पैसे कुठं जात नाहीत. आधी आपण विचार करू. कॉम्प्रेसर गेला असता, तर खाली बर्फ राहिला असता का?"

ती थांबली. मग हळूच म्हणाली, "व्हय की. ते तर माझ्या ध्यानातच आलं नाही."

माठ आणि फ्रिज

फ्रिज समजायला आधी माठ आठवा. माठ पाझरतो. बाहेर आलेले पाणी हवेत उडून जाते. उडताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. अंगावरचा घाम वाळताना गार वाटते, तेही यामुळेच.

फ्रिजमध्येही हेच घडते. फरक एवढाच, की तिथे पाण्याऐवजी एक गॅस असतो, आणि तो बंद नळीत फिरतो. खालच्या कप्प्याच्या मागे नळ्यांची एक वेटाळी असते. तिथे पातळ झालेला गॅस उडतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो. तिथे तो आतून आणलेली उष्णता बाहेर सोडतो आणि पुन्हा पातळ होतो. म्हणून फ्रिजची मागची जाळी गरम लागते. नव्या फ्रिजमध्ये ही जाळी दिसत नाही. ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. त्यामुळे बाजू गरम लागल्या, तर घाबरू नका. आतली उष्णता बाहेर पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजचे काळीज. ते मागे, तळाशी असते. काळ्या रंगाची ती गोल डबी बंद असते. तिला आपण हात घालायचा नाही.

आपल्या देशात फ्रिज बनवणारी पहिली देशी कंपनी मुंबईची गोदरेज. ते साल होते 1958. त्यानंतर कितीतरी वर्षे फ्रिज ही शहरातल्या मोठ्या घरचीच वस्तू होती. आज ती आपल्या ओसरीत आली आहे.

खाली बर्फ असलेल्या फ्रिजची खोड

एकदारी फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा वर असतो. गार हवा जड असते. ती आपोआप खाली उतरते. म्हणून तिथे पंख्यावाचून काम भागते.

खाली फ्रीझर असलेल्या फ्रिजमध्ये उलटे आहे. गारवा तयार होतो खाली, आणि तो पोचवायचा असतो वर. गार हवा आपण होऊन वर चढत नाही. म्हणून आत एक छोटा पंखा असतो. तो हवेच्या वाटेने गारवा वर ढकलतो. वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला फटी दिसतात. ती गार हवेची तोंडे.

आता ध्यानात घ्या. पंखा बंद पडला, किंवा हवेची वाट तुंबली, तर खाली बर्फ तसाच राहतो आणि वरचा कप्पा मात्र गरम होतो. खालचा बर्फ पाहून आपल्याला वाटते, फ्रिज ठीक आहे. हीच ती फसगत.

हवेची वाट कशाने तुंबते? बहुधा बर्फाने. बाहेरची दमट हवा आत शिरली, की तिचे पाणी गार नळ्यांवर हिमासारखे गोठते. ते वितळवायला आत एक छोटी शेगडी असते. ती ठरावीक वेळाने आपोआप तापते. वितळलेले पाणी एका भोकातून मागच्या ताटलीत उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. पण दार नीट लागत नसेल, तर दमट हवा सारखी आत येते. हिम इतके साचते, की शेगडीला ते आवरत नाही. नळ्या बर्फात गडप होतात आणि पंख्याची हवा अडते.

आम्ही काय केले

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या घरी गेलो. आधी दार तपासले. त्याची रीत सोपी आहे. कागदाचा एक तुकडा दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. कागद अडकून बसला, तर दार घट्ट आहे. सहज निघून आला, तर तिथून हवा जाते. असे दाराच्या चारी बाजूंनी करा.

वरचे दार ठीक होते. खालच्या खणात मात्र एक मोठे पातेले कोंबलेले होते. त्याचा काठ वर येत होता. खण बोटभर उघडाच राहत होता. शिवाय दाराच्या रबरात गुळाचा चिकटा बसला होता. झाले! रोगाचे मूळ सापडले.

मग असे केले :

1. प्लग काढला. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

2. सगळे सामान बाहेर काढले. आजींचे औषध शेजारच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले.

3. दोन्ही दारे उघडी ठेवली. खाली जुनी लुगडी अंथरली.

4. एक दिवस आणि एक रात्र फ्रिज तसाच ठेवला. आतला बर्फ आपोआप वितळू दिला. सुरी, उलथणे, पेचकस काही लावले नाही. उकळते पाणीही ओतले नाही.

5. कोमट पाण्यात थोडा साबण घालून रबर पुसले. पाण्याचे भोक दिसत होते. त्यात कोमट पाणी सोडून पाहिले. पाणी मागच्या ताटलीत उतरले.

6. सगळे कोरडे करून फ्रिज सुरू केला. पातेले मात्र परत ठेवले नाही.

फ्रिज सुरू होऊन एक दिवस गेला. वरच्या फळीवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून पाहिले. ताप पाहायचा थर्मामीटर इथे चालत नाही. तो इतक्या खालचा आकडा दाखवत नाही. फ्रिजचा वेगळा मिळतो. सूनबाईनेच आकडा वाचला. "चार!" ती म्हणाली.

चार डिग्री म्हणजे अगदी बरोबर. नऊ हजार वाचले. हळदीवर उचल घ्यावी लागली नाही.

आणि आजींचे औषध? ती बाटली वापरली नाही. दवाखान्यात नेऊन दाखवली. डॉक्टरांनी नवी दिली आणि आजींची साखर तपासली. ती वाढलेली होती. वेळीच ध्यानात आले, म्हणून बरे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रिजचे हमीपत्र ट्रंकेत घडी घालून ठेवलेले होते. आजवर ते कुणी वाचले नव्हते. सूनबाईने अक्षर अक्षर लावून वाचले : "कॉम्प्रेसर : 10 वर्षे." फ्रिज घेऊन तीनच वर्षे झाली होती. म्हणजे कॉम्प्रेसर खरोखर गेला असता, तरी तो कंपनीनेच बदलून द्यायचा होता. फार तर येण्याजाण्याची किंवा गॅस भरण्याची मजुरी लागली असती. तिचा नवरा म्हणाला, "कागद घरातच होता, अन् आम्ही उचल घ्यायला निघालो होतो!"

रोजची आणि महिन्याची निगा

फ्रिज चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. मागे चार बोटे तरी जागा सोडा, म्हणजे उष्णता बाहेर पडेल. पाय फिरवून पुढची बाजू किंचित उंच करा, म्हणजे दार आपोआप लागेल. फ्रिज गाडीतून आडवा आणला असेल, तर उभा करून काही तास थांबा, मगच सुरू करा.

उकळते पातेले आत ठेवू नका. आधी निवू द्या. पण दोन तासांपेक्षा जास्त बाहेरही ठेवू नका. जिनसांवर झाकण हवे. सामान गच्च भरू नका. हवेच्या फटींसमोर भांडे टेकवू नका. कांदे, बटाटे आणि केळी बाहेरच बरी.

महिन्यातून एकदा दाराचे रबर पुसा. मागे जाळी असेल, तर सहा महिन्यांनी प्लग काढून कोरड्या ब्रशाने धूळ झाडा. हळदीच्या आणि सोयाबीनच्या हंगामात घरात धूळ फार येते. तेव्हा लवकर झाडा.

आकड्याची गंमत

गारवा कमीजास्त करायला काही फ्रिजमध्ये गोल चकती असते. तिच्यावर 1 ते 5 असे आकडे असतात. बहुतेक चकत्यांवर मोठा आकडा म्हणजे जास्त गारवा. काही फ्रिजमध्ये बटणे असतात आणि डिग्री दिसते. तिथे लहान आकडा म्हणजे जास्त गारवा. हे उलटसुलट आहे, म्हणून आपल्या फ्रिजचे पुस्तक वाचून घ्या. वरचा कप्पा 4 डिग्रीच्या आसपास हवा. फ्रीझर शून्याच्या खाली 18 डिग्री हवा. तो आकडा −18 असा लिहितात.

वीज गेली तर

वीज गेली, की दार उघडू नका. दार बंद राहिले, तर वरचा कप्पा साधारण चार तास गार राहतो. भरलेला फ्रीझर त्याहून पुष्कळ जास्त टिकतो. म्हणून फ्रीझरमध्ये जागा असेल, तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. बाटली काठोकाठ भरू नका, कारण पाणी गोठताना फुगते. वीज फार वेळ आली नाही, तर त्यातली एक बाटली वर दुधाशेजारी ठेवा.

वीज आल्याबरोबर फ्रिज सुरू करू नका. पाच मिनिटे थांबा. नळ्यांतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी सुरू केला, तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. तुमच्या गावी वीज कमीजास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर लावा. तो वीज सांभाळतो. बरेच स्टॅबिलायझर वीज आल्यावर थोडे थांबूनच फ्रिज सुरू करतात. काही नव्या फ्रिजना वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. पुस्तकात तसे लिहिलेले असते.

प्लग तीन पिनांचाच हवा. तिसरी पिन अर्थिंगची. ती तोडून दोन पिनांवर फ्रिज चालवणे म्हणजे जिवाशी खेळणे. फ्रिजला हात लावताच मुंग्या आल्या किंवा झटका बसला, तर फ्रिजला पुन्हा हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून फ्रिज उघडू नका.

दुखणे आणि उपाय

फ्रिज अजिबात चालू नाही, आत दिवाही लागत नाही : आधी घरात वीज आहे का पाहा. त्याच सॉकेटला दुसरे काही लावून पाहा. प्लग ढिला आहे का पाहा.

दिवा लागतो, पण वर आणि खाली दोन्हीकडे गारवा नाही : चकती बंदवर आहे का पाहा. मागची धूळ झाडा. तरीही गारवा आला नाही, किंवा मागून सारखे "टक्‌ टक्‌" ऐकू आले, तर कारागीर बोलवा.

खाली बर्फ, वर गरम : आपल्या गोष्टीतले दुखणे. दार तपासा, फटी मोकळ्या करा, एक दिवस-रात्र बर्फ वितळू द्या. दार घट्ट असूनही पंधरा दिवसांत तेच दुखणे परत आले, तर आतली शेगडी किंवा पंखा बिघडला असेल. ते कारागिराचे काम.

फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी किंवा जमिनीवर पाणी : पाण्याचे भोक तुंबले आहे. बर्फ वितळवून भोकात कोमट पाणी सोडा.

वरच्या कप्प्यात भाजी गोठते : गारवा फार ठेवला आहे, किंवा भाजी हवेच्या फटीजवळ आहे. आकडा बदला, भाजी पुढे सरकवा.

पावसाळ्यात दाराभोवती बाहेरून दव येते : हवा दमट असल्यामुळे असे होते. फडक्याने पुसा. कागद लावून दार तपासा.

हे कधीही करू नका

बर्फ टोकदार वस्तूने खरवडू नका. बर्फामागे नळी असते. ती फुटली, की गॅस जातो आणि फ्रिज निकामी होतो. पूर्वीच्या फ्रिजमधला गॅस आभाळातल्या ओझोनच्या थराला मारक होता. तो बंद करण्याचा करार 1987 साली जगातल्या देशांनी केला. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये जो गॅस आहे, त्याने ओझोनला धोका नाही, पण तो पेट घेतो. फ्रिजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या कागदावर गॅसचे नाव लिहिलेले असते. तिथे आर 600 ए असे असेल, तर तो हाच गॅस. नळी फुटून "फुस्स" असा आवाज आला, तर काडी ओढू नका, बटणे चालू-बंद करू नका. दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर या.

जुना फ्रिज अंगणात टाकायचा असेल, तर त्याची दारे काढून टाका. लेकरे खेळता खेळता आत लपतात, आणि आत हवा नसते.

औषधाची काळजी

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचे. ते दारात ठेवू नका, कारण दार सारखे उघडते. फ्रीझरमध्ये तर कधीच नको. हवेच्या फटीजवळही नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचे नाही. फ्रिज बंद पडला, तर बाटली शेजारी ठेवा. तीही सोय नसेल, तर आपला माठ आहेच. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात लहान मडके बसवा, आणि पाणी लागणार नाही अशा डबीत औषध ठेवून ती डबी आत ठेवा. वर ओले फडके झाका. हे फ्रिजइतके गार होत नाही, पण वैशाखातल्या पत्र्याच्या घरापेक्षा पुष्कळ बरे. पुढे ते औषध वापरायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

कारागीर आला तर

काय बिघडले, ते दाखवायला सांगा. खर्च किती, ते आधी विचारा. बदललेला जुना भाग मागून घ्या. पावती घ्या आणि हमीपत्राबरोबर ठेवा. सगळे कारागीर फसवत नाहीत. पण विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम नीट होते, हा आपला बाजारातला अनुभव आहे.

फ्रिजच्या दारावर चांदण्यांचा कागद असतो. जितक्या चांदण्या जास्त, तितकी वीज कमी लागते. वर्षाला किती युनिट वीज लागेल, तेही त्यावर लिहिलेले असते. तो कागद फाडून टाकू नका. आधी वाचा.

त्या घरच्या सूनबाईने आता फ्रिजवर एक वही टांगली आहे. कधी पुसला, कधी वीज गेली, थर्मामीटर किती होता, हे ती तारीख घालून लिहिते. अक्षर वेडेवाकडे आहे, पण वाचता येते. आजी रोज विचारतात, "गं, आज किती झालं?" आणि ती वाचून सांगते, "चार, आत्याबाई."

सराव

1. खाली बर्फ असूनही वरचा कप्पा गरम का होतो?

2. दार घट्ट लागते की नाही, हे कागदाने कसे तपासाल? आज घरी करून पाहा.

3. वीज आल्यावर पाच मिनिटे का थांबायचे?

4. चांदण्यांच्या कागदावर वर्षाला 240 युनिट असे लिहिले आहे. तर महिन्याला सरासरी किती युनिट लागतील?

5. आपल्या फ्रिजचे हमीपत्र शोधा. विकत घेतल्याची तारीख आणि कॉम्प्रेसरची हमी किती वर्षांची, हे वहीत लिहा. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांनी शेजाऱ्यांचे हमीपत्र त्यांना वाचून दाखवावे.